वाचकांचे प्रश्न : व्यालेल्या गाईचं रक्त काय सांगतं?

या वेळच्या पत्रांतली निम्म्याहून जास्त पत्रं व्यायच्या आसपासच्या दुखण्यांची आहेत. गाळप हंगाम भरात आहे, गोठ्यागोठ्यात उसाचं वाडं (शेंड्याचा हिरवा पाला) पडलंय आणि गाई-म्हशी व्यायला लागल्यात. व्यायच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन आठवडे दुभत्या जनावराला सगळ्यात जड जातात, म्हणून या अंकात हा एकच विषय घेतला आहे. पत्रं थोडी आवरून छापली आहेत आणि नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : मॅडम, माझी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय तिसऱ्या वेताची. रात्री व्याली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बसली ती उठेना. कान गार, मान पोटाकडं वळवलेली. डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली लावली, अर्ध्या तासात उठली. दुसऱ्या दिवशी परत बसली. आटवल्यापासून, म्हणजे व्यायच्या आधी दूध काढणं बंद केल्यापासून, रोज पातळ कॅल्शियम पाजत होतो, एक दिवस चुकवला नाही. वैरणीला वाडंच आहे. एवढं पाजून कॅल्शियम कमी पडलंच कसं? औषध बनावट होतं का?
— एक शेतकरी, कागल तालुका

उत्तर : दादा, औषधावर संशय घेण्याआधी गाईच्या अंगात काय घडतं ते बघू. चारशे-साडेचारशे किलोच्या गाईच्या रक्तात एका वेळी फिरणारं कॅल्शियम जेमतेम २ ते ३ ग्रॅम असतं. चिकाच्या एका लिटरात ते २ ग्रॅमच्या आसपास असतं. पहिल्या दिवशी १० लिटर चीक निघाला तर २० ग्रॅम कॅल्शियम कासेत उतरलं. रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट! ही भरपाई हाडांतून आणि आतड्यांतून व्हावी लागते. गळ्याजवळच्या पॅराथायरॉईड ग्रंथींना रक्तातलं कॅल्शियम घटल्याचं कळतं, त्या संप्रेरक सोडतात, हाडं कॅल्शियम मोकळं करू लागतात. मूत्रपिंडात जीवनसत्त्व ड कामाचं रूप घेतं आणि मग आतडी वैरणीतलं कॅल्शियम जास्त शोषतात. हे सगळं जोमानं सुरू व्हायला एक-दोन दिवस जातात, आणि गाय बसते ती नेमकी त्याच एक-दोन दिवसांत.

आता तुमच्या पाजण्याचं. आटलेल्या गाईला कॅल्शियमची गरज थोडी असते. तुम्ही दोन महिने रोज वरून दिलंत, त्यामुळे हाडांतून कॅल्शियम काढायची तिच्या शरीराला कधी गरजच पडली नाही. व्याल्यावर अचानक मागणी आली तेव्हा ती सवय मोडलेली होती. तुम्ही मायेनं केलंत, खर्चही केलात, आणि नेमकं तेच आड आलं. त्यात वाड्याची भर पडली. उसाच्या वाड्यात ऑक्झॅलेट असतं, ते वैरणीतल्या कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर नेतं. त्यात पोटॅशियमही भरपूर असतं. पोटॅशियम वाढलं की रक्त अल्कधर्मी बाजूला झुकतं, आणि तसं झालं की पॅराथायरॉईडच्या संप्रेरकाला हाडं आणि मूत्रपिंड नीट दाद देत नाहीत. ग्रंथी संप्रेरक सोडते, पण त्याचा उपयोग होत नाही. तिसऱ्या वेतानंतर हाडांची चपळाई तशीही कमी होते, म्हणून पहिलारू कालवडी सहसा बसत नाहीत आणि जुन्या गाई बसतात. जर्सी रक्ताच्या गाईंत हा धोका आणखी जास्त.

गाय परत बसली याचं कारण सरळ आहे. शिरेतून दिलेल्या बाटलीचा जोर काही तासच टिकतो. तोवर शरीराची स्वतःची व्यवस्था सुरू झाली नसेल तर पातळी पुन्हा घसरते. बाटलीनं उठलेल्या चार गाईंमागं साधारण एक परत बसते, म्हणून पहिल्यांदा उठली की निर्धास्त होऊ नका. ती शुद्धीत आहे, नीट गिळते आहे, हे बघून डॉक्टरांच्या सल्ल्यानं तोंडावाटे कॅल्शियमची जेल द्या आणि साधारण १२ तासांनी पुन्हा द्या. पहिला दिवस कास पूर्ण रिकामी करू नका. वासराला मात्र पोटभर चीक पाजा, तोही जन्मल्यापासून दोन तासांच्या आत. त्यात हयगय नको.

एक गोष्ट मी हात जोडून सांगते. कॅल्शियमची बाटली शेजाऱ्याकडून, गावातल्या हौशी माणसाकडून लावून घेऊ नका. ती भरभर सोडली तर हृदय थांबून गाय दावणीतच जाते. बाटली अंगाइतकी कोमट करून, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून, १०-१५ मिनिटं घेऊन हळू सोडायची असते. आणि बसलेल्या गाईला तेल, काढा, गुळाचं पाणी तोंडातून ओतू नका. तिला गिळता येत नसतं, ते फुप्फुसात जातं आणि दुखणं दुप्पट होतं. गाय आडवी पडली असेल तर पोत्यांचा टेकू देऊन छातीवर बसवा, खाली पिंजर किंवा पाचटाचा जाड थर घाला, दर तीन तासांनी कूस बदला. सिमेंटच्या कोब्यावर पाच-सहा तास एकाच कुशीवर राहिली तर मांडीचे स्नायू चेपून मरतात. मग कॅल्शियम भरून आलं तरी गाय उठत नाही.

दुसऱ्या बाटलीनंतरही उठली नाही तर तिसरी आंधळेपणानं लावू नका. रक्त तपासा. कॅल्शियमबरोबर फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि स्नायूंची इजा दाखवणारं सीपीके बघायला सांगा. गाईचं रक्तातलं कॅल्शियम १०० मिलीला साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम असतं. बसलेल्या गाईत बहुतेकदा ते साडेपाचच्या खाली सापडतं. कॅल्शियम चांगलं आलं आणि सीपीके हजारोंत गेलं असेल, तर दुखणं आता स्नायूंचं आहे, आणि तिला शुश्रूषा, वेळ आणि मऊ जमीन हवी आहे.

प्रश्न : मॅडम, आमची एचएफ क्रॉस गाय दुसऱ्या वेताची, व्याल्याला १६ दिवस झाले. डेअरीत फॅट ५.४ लागायला लागली म्हणून घरात सगळे खूश होते. एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) मात्र ८.१. आता दूध १८ लिटरवरनं १३ वर आलंय. पेंडीकडं बघतसुद्धा नाही, कडबा खाते. तोंडाला गोडसर वास येतो. गाय गाभण असताना चांगली गुबगुबीत होती, आता कुल्ल्याची हाडं दिसायला लागल्यात. सासूबाई म्हणतात, बाळंतिणीला देतात तसा रोज किलोभर गूळ घाल. घरचाच गूळ आहे. घालू का?
— एक दूध उत्पादक, करवीर तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र मला फार मोलाचं वाटलं, कारण गाईचं दुखणं तुम्ही जवळजवळ पूर्ण ओळखलंय. पेंड सोडून कडबा खाणं, गोडसर वास, झपाट्यानं उतरणारी गाय, वाढलेली फॅट. हा किटोसिस, म्हणजे चरबी अर्धवट जळून रक्तात किटोन नावाचे पदार्थ साठण्याचं दुखणं, आहे असं मी नव्याण्णव टक्के मानते. डॉक्टरांकडून लघवीची किंवा रक्ताची किटोन चाचणी करून घ्या, म्हणजे उरलेला एक टक्काही जाईल.

आधी फॅटचं बोलू, कारण इथं बऱ्याच घरांची फसगत होते. व्याल्यानंतर एकदोन आठवड्यांत फॅट एकदम चढली तर ती पेंडीतून आलेली नसते. गाय स्वतःच्या अंगावरची चरबी वितळवून दुधात सोडत असते. रक्तात आलेली चरबी कास उचलते आणि दुधात उतरवते. त्याच वेळी पोटात पुरेसं अन्न जात नसल्यानं दुधातली प्रथिनं घटतात आणि एसएनएफ खाली येतो. फॅट वर आणि एसएनएफ खाली, ही जोडी व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात दिसली की दर चांगला लागला म्हणून आनंद मानू नका, गाईकडं वळून बघा. प्रयोगशाळेत फॅटला प्रथिनांनी भागतात. तो आकडा दीडच्या आसपास गेला की आम्ही सावध होतो. तुमच्या संस्थेच्या मशीनवर प्रथिनं दिसत असतील तर रोजच्या पावतीवर हा हिशेब घरीही करता येईल.

हे घडतं का, ते समजून घ्या, म्हणजे गुळाचं उत्तर आपोआप मिळेल. एक लिटर दूध तयार करायला गाईला साधारण ७२ ग्रॅम ग्लुकोज लागतं, कारण दुधातली साखर त्यातूनच बनते. १८ लिटरला ते सव्वा किलोच्या वर जातं. आणि तिच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी ग्लुकोज असतं फक्त २० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चार चमचे. ते रोज नव्यानं बनवावं लागतं आणि बनवतं ते यकृत. माणसासारखं गोड खाऊन गाईच्या रक्तात साखर जात नाही. खाल्लेलं आधी कोठीपोटात, म्हणजे जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, जंतूंच्या ताब्यात जातं, त्यातून आम्लं बनतात. त्यातल्या प्रोपिओनिक आम्लापासून यकृत मुख्यतः ग्लुकोज तयार करतं. व्याल्यावर दूध रोज वाढतं, भूक मात्र मागं राहते. तूट भरायला गाय चरबी काढते. ती चरबी यकृतात पूर्ण जळायला ग्लुकोजच्याच साखळीतला एक पदार्थ लागतो, आणि तो तर ग्लुकोज बनवण्यात खर्ची पडलेला असतो. गुऱ्हाळाच्या चुलवाणात ओलं चिपाड घातलं तर जाळ होत नाही, धूर कोंडतो, तशी चरबी अर्धवट जळते आणि किटोन साठतात. तोंडाचा गोडसर वास त्याचाच. किटोन वाढले की भूक आणखी मरते, भूक मेली की आणखी चरबी निघते. गाय व्यायच्या वेळी गुबगुबीत असेल तर हे जास्त होतं, कारण लठ्ठ गाय व्याल्यावर मुळातच कमी खाते आणि तिच्याकडं वितळवायला चरबी जास्त असते. काही गाईंच्या यकृतात ती चरबी साचून राहते, मग उपचाराला दाद लवकर मिळत नाही.

आता गूळ. सासूबाईंची माया मला समजते. बाळंतिणीला गूळ लागू पडतो म्हणून गाईलाही पडेल, असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि आपल्या कोल्हापुरात तर घरोघरी गूळ. पण एक किलो गूळ गाईच्या पोटात गेला की जंतू त्यावर झडप घालतात. त्यातून रक्ताला साखर मिळत नाही, भसाभस आम्ल तयार होतं. त्यात ब्युटिरिक आम्लाचा वाटा मोठा असतो आणि त्यापासून पोटातच आणखी किटोन बनतात. वर पोट आंबलं तर आधीच अर्धपोटी असलेली गाय पूर्ण खाणं सोडेल. मुठीएवढा गूळ भरड्यावर चवीला टाकलात, तेवढ्यानं ती तोंड लावत असेल, तर जरूर टाका. औषध म्हणून किलोभर नको.

यावर चालतं ते प्रोपिलीन ग्लायकॉल. हे द्रव पोटातले जंतू पूर्ण संपवत नाहीत. बराचसा भाग शोषला जाऊन यकृतात ग्लुकोज होतो. साधारण ३०० मिली दिवसातून एकदा, तीन ते पाच दिवस, उभ्या गाईला हळूहळू पाजायचं. मान फार वर ताणून धरू नका. जास्त दिलं तर गाय सुस्त होते, म्हणून दुप्पट डोसाचा मोह टाळा. अंगात फार अशक्तपणा असेल तर डॉक्टर शिरेतून डेक्स्ट्रोज देतील. त्यानं तरतरी येते, पण काही तासांपुरती. ग्लायकॉल सोबत हवंच. पेंड जबरदस्तीनं वाढवू नका. आधी उत्तम कडबा, थोडी हिरवी मका, भरपूर पाणी, मग भूक परतेल तसा थोडाथोडा भरडा.

आणि एक पाहणी करून घ्या. किटोसिस एकटा येत नाही. गर्भाशयात दूषित स्राव राहिला असेल, कासेत दगडी (कासेचा दाह) सुरू होत असेल, किंवा चौथं पोट डावीकडं सरकलं असेल तर भूक त्यानंच गेलेली असते आणि किटोन मागून येतात. डाव्या बाजूच्या शेवटच्या बरगड्यांवर टिचकी मारून स्टेथोस्कोपनं ऐकलं की पोट सरकल्याचा टणत्कार डॉक्टरांना ऐकू येतो. पाच दिवसांत फरक पडला नाही तर ही तपासणी मागून घ्या. लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न : नमस्कार. गाय व्याल्याच्या दुसऱ्या दिवशी रक्त काढून शहरातल्या माणसांच्या लॅबमध्ये दिलं. रिपोर्ट आला : ग्लुकोज ५४ (कमी), यकृताच्या तपासणीतलं एसजीओटी ८८ (जास्त), अल्ब्युमिन ३.१ (कमी), कोलेस्टेरॉल ८२, फॉस्फरस ४.६, कॅल्शियम ७.४ (कमी). गाय उभी आहे, खाते थोडं कमी. चार ठिकाणी लाल अक्षरं बघून घरचे घाबरलेत. एवढं सगळं बिघडलंय का?
— एक तरुण वाचक, हातकणंगले तालुका

उत्तर : मित्रा, त्या लाल अक्षरांतली तीन सोडून दे. लॅबनं आकडे बरोबर काढले असतील, पण शेजारी छापलेली सामान्य पातळी माणसाची आहे. उपाशीपोटी ५४ ग्लुकोज म्हणजे माणूस चक्कर येऊन पडायच्या बेतात. गाईचं ग्लुकोज साधारण ४५ ते ७५ असतं, तेव्हा तिचं ठीक आहे. एसजीओटी माणसात ४० वर गेलं की कावीळ आठवते, गाईत ८८ ही रोजची गोष्ट. अल्ब्युमिन गाईचं तीनच्या थोडं वर असतंच. कोलेस्टेरॉल व्यायच्या सुमारास खाली असतं आणि दूध चढेल तसं वर जातं.

चौथं लाल अक्षर मात्र खरं आहे. कॅल्शियमची पातळी माणसात आणि गाईत जवळपास सारखीच, आणि ७.४ कमीच. तुझी गाय बसलेली नाही, पण लपलेल्या कमतरतेत आहे. अशी कमतरता बसलेल्या गाईपेक्षा कितीतरी जास्त गोठ्यांत असते आणि दिसत नाही म्हणून तिच्यावर कुणी बोलत नाही. कॅल्शियमशिवाय स्नायू नीट आवळत नाहीत. पोट मंद चालतं म्हणून गाय कमी खाते. गर्भाशय आकसत नाही म्हणून वार अडकते. सडाचं तोंड सैल राहतं म्हणून दगडीचे जंतू आत शिरतात, आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही ढिल्या पडतात. तुझ्या गाईला तोंडावाटे कॅल्शियमची जेल पुरेशी आहे. ती उभी आहे, तिला शिरेतून बाटली लावायचा आग्रह धरू नको. शिरेतून दिलं की पातळी एकदम उसळते, शरीर स्वतःची तजवीज थांबवतं आणि नंतर पातळी आधीपेक्षाही खाली जाते.

पुढच्या वेळी रक्त देताना काही गोष्टी पाळ, नाहीतर चांगल्या यंत्रातूनही खोटे आकडे येतात. जांभळ्या टोपणाच्या नळीत कॅल्शियमसाठी रक्त द्यायचं नाही. त्यातला पदार्थ कॅल्शियमलाच बांधून टाकतो आणि रिपोर्टमध्ये ते भलतंच कमी येतं. त्यासाठी लाल टोपणाची साधी नळी. ग्लुकोजसाठी करड्या टोपणाची, कारण साध्या नळीत रक्तपेशी ग्लुकोज खात राहतात आणि इचलकरंजीहून कोल्हापूरला पोचेपर्यंत आकडा घसरतो. नळी हलवत, मोटरसायकलच्या डिकीत आपटत नेऊ नको. पेशी फुटल्या की पोटॅशियम, फॉस्फरस, एसजीओटी खोटे वाढतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रक्त आधी काढायचं, बाटली नंतर लावायची. बाटली लावल्यावर काढलेल्या रक्तातून मला काहीच कळत नाही, असे रिपोर्ट घेऊन लोक येतात तेव्हा जीव तुटतो. मात्र गाय बसलेली असेल तर रिपोर्टची वाट बघत उपचार थांबवायचे नाहीत. नळी भरून बाजूला ठेवायची आणि लगेच बाटली सुरू करायची.

किटोन बघायचे असतील तर दुसरा दिवस फार लवकर होतो. तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही, खाल्ल्यानंतर चार-पाच तासांनी शेपटीच्या शिरेतून एक थेंब आणि हातातल्या मीटरची किटोनची पट्टी, एवढं पुरतं. पट्टीवर १.२ किंवा त्याहून जास्त आलं तर लपलेला किटोसिस धरायचा. सखोल तपासणीसाठी शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि पुण्यात औंधची रोगनिदान प्रयोगशाळा आहे. तिथं नमुना आपल्या पशुवैद्यकामार्फतच पाठवावा.

प्रश्न : आमची म्हस व्याल्याला तीन आठवडे झाले. परवापास्नं लघवी काळ्या चहासारखी लाल होतीया. डोळ्याची आतली कातडी पांढरी पडल्या. ताप नाही. गोचीड थोडी आहे. दुकानातनं कॅल्शियम आणून पाजलं, फरक नाही.
— एक शेतकरी, भुदरगड तालुका

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचल्या दिवशीच तुमच्याशी फोनवर बोलले, कारण हे दुखणं अंक निघेपर्यंत थांबत नाही. इतरांसाठी इथं लिहिते.

व्याल्यानंतर दोन ते चार आठवड्यांत म्हशीची लघवी लाल-काळी झाली आणि ताप नसला तर पहिला संशय फॉस्फरसचा. फॉस्फरस फार घटलं की तांबड्या पेशींना त्यांचं कवच टिकवायला लागणारी ऊर्जा मिळत नाही, त्या रक्तातच फुटतात आणि त्यांचा रंग लघवीत उतरतो. म्हशीच्या रक्तात साडेचार-पाचच्या पुढं असायचं फॉस्फरस अशा वेळी दोनच्याही खाली सापडतं. कॅल्शियम पाजून याला काही होत नाही, फक्त दिवस वाया जातात. डॉक्टर सोडियम ॲसिड फॉस्फेट शिरेतून देतात. रक्त फारच उतरलं असेल तर दुसऱ्या निरोगी म्हशीचं रक्त द्यावं लागतं.

गोचीड आहे म्हणून काचपट्टीवर रक्त तपासून गोचीडतापही वगळायला हवा. त्यातही लघवी लाल होते, पण बहुधा ताप १०४-१०५ पर्यंत चढतो. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, म्हणून अंदाजानं सुई नको. सरकारी फिरतं पथक १९६२ या क्रमांकावर बोलावता येतं. नुसत्या वाड्यावर आणि पिंजरावर असलेल्या म्हशींत हे जास्त दिसतं. तुमच्या भागात भात पिकतो, तेव्हा गिरणीतला भाताचा कोंडा रोजच्या आंबोणात (भिजवलेल्या खुराकात) घाला. कोंड्यात आणि पेंडीत फॉस्फरस चांगलं असतं.

प्रश्न : वार १२ तासांत पडली नाही तर हात घालून काढावी का? गावात एकजण काढतो.
— एक वाचक, पन्हाळा तालुका

उत्तर : नाही. ओढून काढलेल्या वारेचे तुकडे आत राहतात, गर्भाशयाला जखमा होतात आणि पुढं गाय गाभण राहायला महिनोन् महिने लागतात. लोंबणारी वार जमिनीला घासत असेल तर तेवढीच कापा, दगड बांधू नका. रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावा. गाईचं अंग साधारण १०१ ते १०२ असतं. १०३ च्या वर गेलं, पातळ लालसर घाण वासाचा स्राव आला, खाणं सुटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. ताप नसेल आणि गाय खात असेल तर धीर धरा, वार बहुधा आठवड्याभरात सुटून पडते.

प्रश्न : माझ्याकडं दोन गाई गाभण आहेत, एक चौथ्या वेताची आटवलेली, एक पहिलारू कालवड. मागच्या वर्षी चौथ्या वेतवाली बसली होती. हंगामात वाडं फुकट मिळतं, ते सोडून दुसरी वैरण विकत घेणं परवडत नाही. पोट फुगू नये म्हणून खायचा सोडाही देतो. आता काय करू?
— एक शेतकरी, शिरोळ तालुका

उत्तर : दादा, हा प्रश्न व्यायच्या आधी विचारलात म्हणून मला मनापासून आनंद झाला. वर जे जे लिहिलं त्यातल्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ या शेवटच्या तीन आठवड्यांत असतं, आणि तेवढ्या दिवसांत बदल केला तर पैसा फार लागत नाही.

वाडं पूर्ण सोडा असं मी म्हणत नाही. आटवल्यावर पहिला महिना-सव्वा महिना निम्मं वाडं, निम्मा कडबा चालेल. शेवटचे तीन आठवडे मात्र वाडं कमीत कमी ठेवा. शाळूचा कडबा, मक्याचा मुरघास किंवा हिरवी मका द्या. दोन गाईंना तीन आठवडे लागेल एवढीच ही वैरण आहे, वर्षभराची नाही. एका बसलेल्या गाईचा औषधपाणी आणि बुडालेलं दूध यांचा हिशेब मांडा आणि मग परवडतं का ते ठरवा. लसूण घासही या दिवसांत नको, त्यातही कॅल्शियम आणि पोटॅशियम दोन्ही जास्त.

खायचा सोडा आजच बंद करा. व्याल्यावर भरडा वाढेल तेव्हा तो उपयोगी पडतो. व्यायच्या आधी तो रक्त आणखी अल्कधर्मी करतो, म्हणजे वाड्यानं जे होतं त्यालाच हातभार. मिठाचा हातही आवरता घ्या, कासेला सूज कमी येईल. पातळ कॅल्शियम पाजायचं नाही. खनिज मिश्रण मात्र डॉक्टरांनी सांगितल्याएवढं चालू ठेवा, त्यातलं मॅग्नेशियम हवं असतं. भरडा शेवटच्या तीन आठवड्यांत हळूहळू चढवत दीड-दोन किलोपर्यंत न्या, म्हणजे कोठीपोटातल्या जंतूंना सवय होते आणि व्याल्यावर भूक मागं पडत नाही. गाय लठ्ठ असेल तर आता उपाशी ठेवून बारीक करायला जाऊ नका. शेवटच्या दिवसांत उपाशी ठेवली तर चरबी तेव्हाच वितळायला लागते.

चौथ्या वेतवालीसाठी आणखी एक उपाय आहे. अमोनियम क्लोराईडसारखे क्षार शेवटचे तीन आठवडे दिले की रक्त किंचित आम्ल बाजूला झुकतं आणि हाडं संप्रेरकाला पुन्हा दाद देऊ लागतात. हे मनानं सुरू करू नका. चव कडू असते, गाय आंबोण सोडू शकते, म्हणून ५० ग्रॅमपासून सुरुवात करून डॉक्टरांच्या नजरेखाली १०० पर्यंत न्यायचं. काम होतंय का ते लघवीवरून कळतं. पीएचची कागदी पट्टी घ्या. वाड्यावरच्या गाईची लघवी आठच्या पुढं दाखवते. क्षार सुरू केल्यावर तीन-चार दिवसांनी ती सहा ते सातच्या मध्ये यायला हवी. साडेपाचच्या खाली गेली तर क्षार थांबवून डॉक्टरांना कळवा. पहिलारू कालवडीला हे क्षार देऊ नका, तिला गरज नाही आणि तिची भूक मात्र जाईल.

दोन्ही गाई कधी व्यायच्या आहेत, रोज कोणती वैरण किती पाटी पडते, पेंड कोणती आणि चौथ्या वेतवालीच्या लघवीचा पट्टीवर काय आकडा आला, एवढं पत्रानं कळवा. त्यावरून दोघींचं वेगवेगळं आंबोण लिहून पाठवते.